उघड्यावरचा संसार

लोकांचे संसार दुर्दैवाने उघड्यावर पडतात. माझ्या सासऱ्यांनी आपला संसार हौसेने उघड्यावर नेला, आणि तोही वसईत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पूर्वेला मोठी खिडकी असलेला फ्लॅट स्वतःच्या नावावर असताना. छप्पर या गोष्टीशी त्यांचं वैर होतं असं नाही. सामान भिजू नये म्हणून ते असावं, इतपत त्यांना मान्य होतं. पण धडधाकट माणसाने त्याखाली दिवस काढावा हे त्यांना कधी पटलं नाही. ‘तुमचा फ्लॅट काय हवेशीर आहे हो,’ असं कुणी कौतुकाने म्हटलं की ते म्हणत, ‘हवा आत येते म्हणजे राहते बाहेरच ना? मग आपणच तिच्याकडे जावं. तिला कशाला हेलपाटे?’ गेल्या नाताळच्या सुमाराला ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की त्यांच्या घरातल्या आठवणी माझ्याकडे फारशा नाहीतच. जे आठवतं ते सगळं बाहेरचं, आणि त्या प्रत्येक आठवणीत मी कुठेतरी कडेला, लाजेने मान खाली घालून उभा आहे.

घरात ते आंघोळ करत आणि नाइलाजाने झोपत. बाकीचा सारा दिनक्रम सोसायटीच्या कंपाउंडमध्ये चाले. तिथे एक जांभळाचं झाड आहे. रोज सकाळी बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि खांद्यावर टॉवेल अशा वेषात ते खाली उतरत, जांभळाच्या फांदीला सुतळीने आरसा टांगत, गालभर फेस फासत आणि त्या फेसातूनच येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत. कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाच्या आईचे गुडघे, कुणाच्या गावच्या घराचा वाद, सगळ्या चौकशा वस्तरा हवेत धरून व्हायच्या. नवा भाडेकरू पहिल्या दिवशी दचकून रस्ता बदलायचा आणि आठवड्याने तिथेच उभा राहून सल्ला विचारायचा. चहा खाली, पेपर खाली, मटार सोलणं खाली. ऊन फार नसेल तर दुपारचं जेवणसुद्धा सतरंजी टाकून खाली. सासूबाईंशी खटका उडाला तरी ‘हे आत बोलण्यासारखं नाही, चल खाली’ म्हणत ते चपला पायात सरकवायचे. दोन मजले उतरेपर्यंत सासूबाईंना हसू फुटायचं, आणि ज्या मोकळ्या हवेसाठी भांडण खाली आणलं होतं तिथवर पोचायच्या आतच ते संपून जायचं.

अशा माणसाचा जावई व्हायला मी अगदीच नालायक होतो. मी ठाण्याचा, आईच्या शिस्तीत वाढलेला. आमच्या घरी ‘चांगलं दिसत नाही’ या एका वाक्यावर सगळा कारभार चाले. रस्त्यात खाणं चांगलं दिसत नाही, मोठ्याने हसणं चांगलं दिसत नाही, दारात उभं राहून बोलणं तर अजिबातच नाही. पुढे मी बँकेत लागलो, तिथेही या वाक्याने मला चांगली साथ दिली. त्यामुळे मुलगी पाहायला म्हणून आम्ही तिघं कडक इस्त्रीचे कपडे घालून वसईला आलो आणि दाराला कुलूप दिसलं, तेव्हा आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शेजारच्या बाईंनी सांगितलं, ‘ते सगळे सांडोरला वाडीत आहेत. तुम्हाला तिकडेच पाठवायला सांगितलंय. रिक्षावाल्याला पास्कलची वाडी म्हणा, तो सोडेल.’

पास्कलकाका म्हणजे सासऱ्यांचे सांडोरचे बागायतदार दोस्त. त्यांच्या केळीच्या दोन रांगांमध्ये सतरंजी अंथरली होती. बाजूने पाटाचं पाणी खळखळत चाललं होतं. आईने पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून पाट ओलांडला, वडिलांची एक चप्पल चिखलात राहिली, आणि ती काढायला वाकलेल्या मला माझ्या भावी सासऱ्यांचं पहिलं दर्शन उलट्या बाजूने झालं. पोहे केळीच्या पानावर आले. पोह्यांच्या वासाला मुंगळेही आले. पगार, शिक्षण, गोत्र यांतलं काहीही न विचारता ते मला म्हणाले, ‘पोहता येतं?’ मी नाही म्हटलं. ‘झाडावर चढता येतं?’ तेही नाही म्हटलं. ते मुलीकडे वळून गंभीरपणे म्हणाले, ‘मेधा, नीट विचार कर गं.’ ती हसली. त्या हसण्यावर मी बाकी सगळं सोडून दिलं. परतताना आई एवढंच म्हणाली, ‘मुलगी गुणाची आहे. पण दाखवायची ती चार भिंतींच्या आत दाखवावी. मुंगळ्यांदेखत काय?’

लग्नानंतर काही वर्षांनी आम्हीही वसईत, त्याच सोसायटीत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, आणि मी त्यांच्या रविवारांच्या तावडीत सापडलो. एकट्याने फिरायला जाणं त्यांना मंजूर नव्हतं. ‘एकटा फिरतो तो भटक्या. कुटुंब घेऊन फिरतो तो गृहस्थ,’ असं ते म्हणत आणि दर रविवारी आपलं गृहस्थपण आमच्या पायांनी सिद्ध करत. कधी किल्ला, कधी तुंगारेश्वर, कधी कळंबचा समुद्र. सर्वांत पुढे ते स्वतः, डोक्याला ओला पंचा, खांद्यावर सतरंजीची वळकटी आणि हातात कुकर. मागे सासूबाई मसाल्यांचा डबा सांभाळत, त्यांच्या मागे मेधा, आणि सर्वांत शेवटी, ही मंडळी माझी नव्हेत असं वाटावं इतकं अंतर ठेवून, छत्री उघडून मी. तीन दगडांवर कुकर चढवायचा, त्याची शिट्टी झाली की आसपासचे पर्यटक माना वळवून बघायचे, आणि हे त्यांना हात हलवून बोलवायचे. ‘या, खिचडी आहे. भरपूर आहे.’ काही जण खरोखर यायचे. मी त्यांना वाढताना शक्यतो नजर पानावर ठेवायचो.

कळंबची एक गोष्ट तर मी बँकेत कुणाला कधी सांगितली नाही, कारण तिथे ती आधीच पोचली होती. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. एकदा तरी ही माणसं नीट बसून जेवावीत म्हणून मी तिथल्या एका रिसॉर्टमध्ये एसी कॉटेज ठरवलं. सासरे आत आले, पलंगावर बसून पाहिलं, नळ सोडून पाहिला, मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, ‘उत्तम आहे. सामान इथे राहील.’ मग सतरंजी घेऊन कुंपणाच्या भिंतीपलीकडे, सुरूच्या झाडांखाली जाऊन बसले. सासूबाई त्यांच्या मागे गेल्या. मेधा आईच्या मागे. वेटर म्हणाला, भिंतीबाहेर वाढता येत नाही. तेव्हा असं ठरलं की तो आतून ताटं भिंतीवर ठेवील आणि मी ती बाहेरून उचलीन. मी टाचा उंच करून पापलेटचं ताट घेत होतो, तेवढ्यात आतून कुणीतरी माझं नाव घेतलं. आमच्या शाखेचे मॅनेजर. ते सहकुटुंब आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, भिंतीपलीकडे जमिनीवर बसलेल्या माझ्या कुटुंबाकडे पाहिलं, आणि बाजूला झाले. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि फार हळुवारपणे म्हणाले, ‘हे बघा, घरची काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगत जा.’ मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण खरं काय ते अधिकच वाईट वाटलं असतं, म्हणून आभार मानून बाहेर आलो.

संध्याकाळी मी सासऱ्यांना म्हटलं, ‘बाबा, हे चांगलं दिसत नाही.’ ते जांभळाखाली शेंगा सोलत होते. म्हणाले, ‘जावईबापू, दिसायचं काम आपण लोकांवर सोडलंय. आपण फक्त असायचं.’ आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या पक्षाचे. ते निवृत्त, काटेकोर, आणि शर्टाचं वरचं बटणही लावणारे. त्यांनी फलकावर लिहून लावलं, की कंपाउंडमध्ये भोजन करू नये. सासऱ्यांनी फलक मोठ्याने वाचला, अक्षर सुरेख असल्याचं सांगितलं आणि त्याच दुपारी सेक्रेटरींना जेवायला बोलावलं. सेक्रेटरी नकार द्यायला म्हणून खाली आले, ते सासूबाईंच्या वालाच्या बिरड्याच्या वासापाशी अडखळले. ‘फक्त चव बघतो,’ म्हणाले. चव बघता बघता दोन वाट्या झाल्या. फलक मात्र त्यांनी काढला नाही आणि सासऱ्यांनी जेवणं थांबवली नाहीत. दोघांचीही शान राहिली.

हे सगळं मी आता हसत लिहितो आहे, पण तेव्हा मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमची मुलगी जन्मली तेव्हा बारसं व्हायच्या आधीच एका सकाळी ते तिला दुपट्यात गुंडाळून खाली घेऊन गेले. ठाण्याहून आलेली माझी आई गॅलरीतून ओरडायची बाकी होती. ‘हिला आभाळ दाखवून आणतो’ एवढंच सांगून गेले होते. मी धावत खाली गेलो तर जांभळाखाली उभं राहून ते त्या एवढ्याशा जिवाला सांगत होते, ‘हे बघ, हे सगळं आपलं. भाडं नाही, मेंटेनन्स नाही.’ भोवती दूधवाला, वॉचमन आणि मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या बायका उभ्या होत्या. मी मुलीला त्यांच्याकडून घेतली आणि कुणाकडेही न बघता जिना चढलो.

आणि माझे वडील गेले त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असायचं. मी सगळ्यांना पाणी देत, खुर्च्या लावत, नीट बोलत वावरत होतो. रडणं चांगलं दिसलं नसतं. तिसऱ्या दिवशी सासरे आले, कुणाशी फारसं बोलले नाहीत, मला म्हणाले, ‘चपला घाला.’ आम्ही ठाण्याच्या तलावाकाठी चालू लागलो. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला भर रस्त्यात, फुगेवाल्यासमोर, मी हुंदके देऊन रडलो. ते माझ्या शेजारी शांतपणे उभे राहिले, जणू अशी ठिकाणं त्यासाठीच बांधलेली असतात. त्या दिवशीही मला लाज वाटलीच. पण परत आलो तेव्हा मला जेवण गेलं.

मग त्यांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले ते आतल्या खोलीतल्या पलंगावर. पाय थोडे हलू लागले तसं डॉक्टर म्हणाले, ‘यांना रोज खाली न्या, मोकळ्या हवेत बसवा.’ आम्हाला हसूच आलं. हे औषध त्यांना पाजावं लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी ‘चला बाबा, खाली’ म्हटलं तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं थकले असतील. चार दिवस असंच झालं. मग एकदा त्यांनी उजव्या हाताने खिडकीकडे खूण केली. मला वाटलं उघडायची आहे. मी उघडली तर ते चिडले. त्यांना पडदा ओढून हवा होता. मी म्हटलं, ‘बाबा, अहो पण का?’ बराच वेळ ओठांशी झगडून ते म्हणाले, ‘लोक बघतील.’ आणि मग, थांबून, ‘चांगलं दिसत नाही.’

माझं वाक्य. मी ते इतकी वर्षं इतक्या ठिकाणी वापरलं होतं, पण त्यांच्या तोंडी ते इतकं वाईट ऐकू येईल याची कल्पना नव्हती. फेसाळलेल्या तोंडाने अख्ख्या सोसायटीला नमस्कार करणारा माणूस आता वाकड्या ओठाची एक कड लपवण्यासाठी भर उन्हाळ्यात पडदा ओढून पडला होता. पास्कलकाका केळ्यांचा घड घेऊन भेटायला आले, तेव्हा पावलांचा आवाज ऐकून यांनी डोळे मिटून घेतले. पास्कलकाका उशाशी बसले. यांच्या पापण्या हलत होत्या, त्यामुळे झोप खोटी आहे हे त्यांना कळलं असणारच. उठताना ते सासूबाईंना मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाले, ‘वहिनी, जागा झाला की सांगा त्याला, वाडीतली त्याची जागा मी झाडून ठेवलीय.’ ते गेल्यावर उशी ओली झालेली सासूबाईंनी पाहिली आणि गुपचूप पालथी केली.

त्या दिवसांत मी सासऱ्यांना उचलायला-बसवायला म्हणून त्यांच्याकडेच झोपायला जात असे. मे महिन्यातल्या एका सकाळी वीज गेली. वसईत ही काही बातमी नव्हे, पण मला त्या दिवशी मुख्य कार्यालयात मीटिंग होती आणि दाढी व्हायची होती. न्हाणीघरात मिट्ट काळोख, आणि उजेडाच्या एकमेव खिडकीला तो पडदा. समोर आमच्या घरी जावं तर मेधा किल्ली घेऊन मुलीला उन्हाळी शिबिरात सोडायला गेलेली. सासूबाईंनी कपाटावरचा आरसा आणि सुतळी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, ‘खाली? मी?’ त्या म्हणाल्या, ‘मग दाढीचे खुंट घेऊन जाता का तसेच मीटिंगला?’

मी बनियनवर, कमरेला टॉवेल आणि त्याखाली ऑफिसची विजार अशा अवस्थेत जिना उतरलो. आरसा टांगायला गेलो तर सुतळी निसटली. दुसऱ्यांदा आरसा लागला, पण तो गरकन फिरला आणि मला स्वतःऐवजी वॉचमन दिसू लागला. मी आरशाभोवती फिरत दाढी करू लागलो. फेस नाकात गेला. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालायच्या थांबल्या. सेक्रेटरी फिरून परत येत होते, ते माझ्याकडे पाहून जागच्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, ‘तुम्हीसुद्धा?’ मी नमस्कार करायला हात जोडले तर टॉवेल सुटला. वॉचमन हसला, काकू हसल्या, सेक्रेटरींनी वरच्या बटणाशी चाळा केला आणि तेही हसले. माझे कान तापून लाल झाले होते. आणि त्या सगळ्या हसण्यात आणखी एक आवाज होता, वरून येणारा, घोगरा, मध्येच अडकणारा. मी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा वीतभर सरकला होता.

मेधा आजही सगळ्यांना सांगते की मी हे मुद्दाम केलं, बाबांसाठी केलं. मी तिला कितीदा म्हटलं, अगं, वीज गेली होती. पण एक खरं, की दुसऱ्या दिवशी वीज होती आणि तरीही मी आरसा घेऊन खाली उतरलो. तिसऱ्या दिवशीही. सवय झाली म्हणावी तर तसंही नाही. रोज तितकीच लाज वाटायची. चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली, ‘ते म्हणतायत, कातडी ताणून धर म्हणावं.’ मग, ‘ते म्हणतायत, आरसा उन्हाकडे धरलाय, डोळे दिपतील.’ आणि मग एका सकाळी, ‘ते म्हणतायत, मीच येऊन दाखवतो.’

त्यांना खाली आणलं तो एक सोहळाच झाला. हाताची लाकडी खुर्ची, मागे मी, पुढचे दोन पाय वॉचमनने आणि सेक्रेटरींनी धरलेले. निघायच्या आधी सासऱ्यांनी सासूबाईंकडे टॉवेल मागितला आणि डोक्यावरून पुढे तोंडावर ओढून घेतला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. कुणी काही विचारलं नाही, पण टॉवेलखालून त्यांचा श्वास जोरात चाललेला मला ऐकू येत होता. त्यांच्या मानेवर घाम होता. मला ती लाज पुरती ओळखीची होती. अगदी आतली. पहिल्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले, ‘काका, तुम्ही तर नव्या नवरीसारखा पदर घेतलाय. गृहप्रवेश उलटा चाललाय की काय?’ टॉवेल क्षणभर स्थिर राहिला आणि मग गदगदा हलू लागला. जांभळाखाली खुर्ची टेकवल्यावरही त्यांनी तो लगेच काढला नाही. आम्ही वाट पाहिली. मग त्यांनी आधी एक डोळा बाहेर काढला, झाडाकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने टॉवेल हळूहळू गळ्यापर्यंत उतरवला. त्यांचं वाकडं तोंड सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘काय काका, बऱ्याच दिवसांनी?’ ते म्हणाले, ‘आत... होतो. नाइलाज.’

पुढचे काही महिने, पावसाने उघडीप दिली की त्यांना संध्याकाळी आम्ही खाली आणायचो. दोनदा रिक्षाने सांडोरलाही नेलं. पास्कलकाकांनी खरोखरच जागा झाडून ठेवली होती. आजारानंतर त्यांना लांब शब्द जड जायचे, त्यामुळे माझं ‘जावईबापू, तुम्ही’ गळून पडलं आणि मी ‘तू’ झालो. मला ते बढतीसारखं वाटायचं.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. मुलांचं क्रिकेट संपलं होतं, आम्ही दोघंच होतो. ते एकाएकी म्हणाले, ‘माझी लाज वाटायची ना तुला?’

त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं. ‘वाटायची, बाबा,’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. ‘वाटणारच. मलाही वाटायची.’

‘कुणाची?’

‘घराची.’

मग थांबत थांबत, मध्येच शब्द शोधत त्यांनी सांगितलं. परळला चाळीतली त्यांची एक खोली. आई-वडील, दोन काका, काकू, सगळी भावंडं, आणि कोपऱ्यात जुन्या लुगड्याच्या आडोशामागे अंथरुणाला खिळलेले आजोबा. खोलीला कायम एक वास असायचा. शाळेतला एखादा मित्र दाराशी आला की हे आधी उडी मारून बाहेर यायचे आणि दार ओढून घ्यायचे. ‘मी म्हणायचो, बाहेर बसू. बाहेर वारा आहे.’ ते हसले. ‘वारा कसला? नसायचाच. मित्रांना वाटायचं, याला हौस आहे. मग मीही हौसेनेच बाहेर बसायला लागलो. तुझ्या सासूलासुद्धा लग्नाआधी ती खोली दाखवली नाही. रोज बागेत भेटायचो. तिला वाटायचं, नवरा रसिक मिळाला.’

‘आईंना माहीत आहे?’

‘सांगायचं राहिलं.’ मग ते म्हणाले, ‘वारा मात्र नंतर खरंच आवडायला लागला.’

लाज मला जन्मभर वाटत आली आणि दर वेळी मी दार लावून घेत आलो. हा माणूस तीच लाज घेऊन दाराबाहेर पडला होता आणि जाताना बायकोमुलांना, जावयाला, नातीला, अर्ध्या सोसायटीला सोबत नेत राहिला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

वर सासूबाईंनी दिवे लावले. त्यांना वर न्यायला वॉचमनला बोलावून आणावं म्हणून मी उठलो, तर त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. ‘बस,’ म्हणाले. मी बसलो. खूप बोलल्यामुळे त्यांच्या ओठाच्या वाकड्या कडेतून लाळ ओघळली होती. ती पुसायला सासूबाईंशिवाय कुणी हात पुढे केला की ते मान फिरवत. मेधालाही त्यांनी कधी पुसू दिलं नव्हतं. समोरून शेजारची माणसं बाजारातून परतत होती, आमच्याकडे बघत होती. मी खिशातून माझा इस्त्रीचा रुमाल काढला आणि त्यांच्या ओठापाशी नेला. ते समोरच बघत राहिले. मान त्यांनी फिरवली नाही.